स्ट्रॉबेरीचे कंट्रोलर

नानांना हळू बोलता येत नसे. "जरा मीठ दे" हेसुद्धा ते असं म्हणत, की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस मान वळवून बघे. त्यात त्यांचा दोष नव्हता. सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंट्रोलर म्हणून केली होती. स्टँडवर काचेच्या खिडकीआड बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते माइकवर सांगायचं, हे त्यांचं काम. माइक अधूनमधून बंद पडे. पण तो बंद आहे हे प्रवाशांना कधी कळलंच नाही, असं अक्का म्हणायच्या.

अक्का म्हणजे त्यांची बायको. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते दोघं, मागच्या खोलीत वाळूजच्या कंपनीत पाळीनं जाणारी दोन पोरं, आणि जिन्याशेजारच्या लहान खोलीत मी. मी गंगापूरच्या पलीकडच्या एका गावाहून कॉलेजसाठी आले होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं शहरात खोली कशी बघायची हे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी नळ सोडून पाहिला नाही, भिंतीची ओल पाहिली नाही. नाना एसटीचे आहेत एवढं ऐकलं आणि म्हणाले, "बास. पोरगी वेळेवर घरी येती का नाय, ते बघणारा माणूस हाये."

नानांनी मला पहिल्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला.

"कशाचं शिकतीस?"

"बी.एस्सी.ला बॉटनी घेतलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे... झाडांचं शास्त्र."

नाना ताडकन उठले. "चल वर."

बाहेरच्या जिन्यानं आम्ही गच्चीवर गेलो. तिथं एका कोपऱ्यात तेलाचा अर्धा कापलेला पत्र्याचा डबा होता. त्यात काळी माती आणि मातीत एक हिरवं रोप. रोपाला बांबूच्या काडीचा टेकू दिलेला होता आणि भोवती ऊन लागू नये म्हणून वर्तमानपत्राची भिंत केली होती.

"स्ट्रॉबेरी," नाना म्हणाले. "परदेशातलं बी हाये. कसं वाटतंय तुझ्या शास्त्राला?"

तो तांदुळजा होता. मला पाहताक्षणी कळलं. बॉटनीमुळं नाही, आईमुळं. आमच्या शेताच्या बांधावर तो हवा तेवढा उगवतो. पण ज्या माणसाच्या घरात मी दुपारीच पेटी ठेवली होती, त्याला संध्याकाळी हे कसं सांगायचं, ते मला कळेना. मी म्हटलं, "तब्येत चांगली आहे." आणि ते खोटं नव्हतं.

आठ दिवसांनी अक्कांनी तो उपटून लसूण घालून परतला. नानांनी भाजी खाल्ली, बोटं चाटली आणि मग विचारलं, "कुठून आणली?" त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. वाळूजच्या पोरांनी त्या दिवशी चांगली झोप काढली.

ते बी खरोखरच परदेशातून आलं होतं. नानांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक वयस्कर परदेशी बाई त्यांच्या खिडकीवर वेरूळची गाडी विचारून गेली आणि पैठणच्या गाडीत जाऊन बसली. गाडी सुटली. नानांनी खिडकीतून ते पाहिलं, माइक टाकला, धावत बाहेर आले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभे राहिले. बाईची बॅग स्वतः उचलून त्यांनी तिला कन्नडच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "वेरूळ आल्यावर हाक मारू नको. हात धरून उतरव." बाईनं त्यांचा पत्ता लिहून घेतला. काही महिन्यांनी पाकीट आलं. आत इंग्रजीतल्या तीन ओळी : गाडीबद्दल आभार, हे आमच्याकडच्या डोंगरी स्ट्रॉबेरीचं बी, माझ्या आईच्या बागेतलं, फळ लहान असतं पण चांगलं असतं. खाली निळ्या पेनानं एक पान आणि एक फळ काढलं होतं. सोबत कागदाची पुडी.

नानांनी अर्ध्या पुडीचं बी, गावाकडं कपाशी टोबतात तसं, चार बोटं खोल टोबलं होतं. शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला दुसरं काय सुचणार? राजगिऱ्याहून बारीक ते बी मातीखाली कायमचं झोपलं. उरलेली अर्धी पुडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "आता तू बघ, बॉटनी." माझं खरं नाव सुनीता. ते त्यांनी कधीच वापरलं नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी स्ट्रॉबेरी फक्त बिस्किटाच्या पुड्यावर पाहिली होती. पण नानांचा समज असा, की मेकॅनिकला जसं इंजिन तसं बॉटनीवाल्याला झाड. कॉलेजात मॅडमना विचारायचं धाडस करायला मला आठवडा लागला. मॅडमनी बाईची चिठ्ठी वाचली, पुडी उघडून पाहिली आणि सांगितलं, की ह्या जातीचं बी मातीनं झाकायचं नाही. ओल्या मातीवर नुसतं शिंपडायचं, त्याला उजेड लागतो. माती सुकू द्यायची नाही आणि महिनाभर धीर धरायचा. ह्या स्ट्रॉबेरीला जमिनीवर धावणाऱ्या फांद्याही फुटत नाहीत. जिथं लावाल तिथं ती मुकाट्यानं वाढते.

"उघड्यावर?" नाना हादरले. "बी उघड्यावर ठेवायचं? आन् माझ्या बापानं वरून पाहिलं तर?"

पण त्यांनी केलं. केलं तर असं केलं, की अक्कांची कणीक मळायची परात नेली, तळाला खिळ्यानं भोकं पाडली आणि तिच्यात माती पसरली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणली. दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळेला, ते मातीच्या तोंडावर पाणी मारत. दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाच्या गालावर मारतात तसं. अक्कांना परातीचा पत्ता पोळ्यांच्या वेळी लागला.

"भोकं पाडली?" अक्का म्हणाल्या. "आवं, परातीला भोकं?"

"पाणी निघून जायला नको?"

"माझ्या माहेरची परात हाये ती!"

"म्हणून तर घेतली," नाना म्हणाले. "मजबूत हाये."

चौथ्या आठवड्यात, सकाळी सहाला, मी दचकून उठले. गच्चीवरून आवाज येत होता : "आली! आली! आली!" वाळूजची पोरं रात्रपाळी करून नुकतीच आडवी झाली होती, एक जण भूकंप झाला असं समजून उघड्या अंगानं गल्लीत पळाला. परातीत मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसत होते.

दिवाळीपर्यंत चाळीसेक रोपं झाली. प्रत्येकाला पत्र्याचा अर्धा डबा, आणि प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगानं गावाचं नाव. पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, खुलताबाद. रोज सकाळी चहाच्या वेळेला आम्हाला बातमी मिळे. "सिल्लोडला नवं पान आलं." "फुलंब्री सुस्त हाये." एकदा ते खिन्न चेहऱ्यानं खाली आले, कपबशी पुढं ओढली आणि म्हणाले, "वैजापूर रद्द." मी घाबरून विचारलं, काय झालं? रोप मुळाशी कुजलं होतं. जास्त पाण्यानं.

पाण्यावरूनच घरात खरं भांडण होतं. नळ आठवड्यातून एकदा-दोनदा येई आणि तेवढ्यात सगळं भरून ठेवायचं. नाना तांदूळ धुतलेलं पाणी गच्चीवर नेत, डाळ धुतलेलं नेत. मग त्यांची नजर पिण्याच्या माठाकडं वळू लागली. तेव्हा अक्कांनी तारीख दिली.

"होळीपर्यंत," त्या म्हणाल्या. "होळी झाली की गच्ची माझी. पापड, शेवया, कुरडया कुठं वाळवू? तवर फळ दाखवा, न्हायतर डबे गल्लीत."

गल्लीत म्हणजे शेजारच्या शेळीपुढं. शेजारी इस्माईलचाचा राहत. भिंतीला भिंत, आणि गच्चीला गच्ची. शहागंजात कपाटाएवढं त्यांचं अत्तराचं दुकान होतं. मोठ्या बाटल्यांतून लहान कुप्या भरायचं काम ते घरीच करत, त्यामुळं आमच्या गल्लीला बारा महिने गुलाब, केवडा आणि हिना यांचा वास असे. माझ्या वह्यांनाही तो लागला होता. वर्गातल्या मुली चिडवायच्या. चाचांची शेळी होती, तिचं नाव शहजादी. ती नावाप्रमाणंच वागे. आपल्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर ती मधली भिंत ओलांडून यायची, आणि परत जाताना तिला उचलून न्यावं लागे.

नाना म्हणाले, "होळीपर्यंत नक्की." असं म्हणताना त्यांनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

जानेवारीत फुलं आली. लहान, पांढरी, मधे पिवळा ठिपका. नानांनी आपला जुना खाकी युनिफॉर्म बांबूवर चढवून बुजगावणं उभं केलं; टोपी, शिट्टी, सगळं. पहाटे कामावरून येणारी पोरं झोपेत त्याला "राम राम काका" करत. फळं धरली, शेंगदाण्याएवढी झाली, पण एकही बुलबुल त्यांना शिवला नाही, एकही साळुंकी फिरकली नाही. शेजारच्या पेरूवर पाखरांची जत्रा आणि इकडं शांतता.

"युनिफॉर्मचा धाक," नाना छाती काढून म्हणाले.

फळं हिरव्याची पांढरी झाली. आणि तिथंच थांबली.

"बॉटनी," नाना म्हणाले, "लाल कवा होणार?"

इथं माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' हे पाच अक्षरी वाक्य माझ्या तोंडून का निघालं नाही, ह्याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्या घरात मी बॉटनी होते. ती नसते तर मी कोण होते, हे मला ठरवता आलं नसतं. मी म्हटलं, "तापमानामुळं उशीर होत असावा. होतील."

नानांनी हे वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आल्यासारखं मानलं. जो येईल त्याला ते सांगत, "तापमानामुळं उशीर हाये. लाल होईस्तोवर कुणी हात लावायचा नाय." नोकरीत त्यांचा नियमच होता, की फलाटाला लागून पाटी बदलल्याशिवाय गाडीत कुणाला चढू द्यायचं नाही, मग तो आमदार का असेना. अक्कांनी एकदा एक फळ तोडायला हात पुढं केला तर ते म्हणाले, "पाटी बदलू दे."

पाटी काही बदलेना. फळं पांढरीच राहत, मऊ होत, आणि हात लागताच देठापासून सुटून डब्यात पडत. नाना त्याला फळगळ म्हणू लागले. मातीत राख मिसळली, ताक शिंपडलं. पडलेली फळं ते उचलून भिंतीजवळ ठेवत आणि ती रोज सकाळी नाहीशी होत. शहजादी आता दिवसातून दोनदा यायला लागली होती. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. शेळी आहे, येणारच.

एकदा मी एक पडलेलं फळ नाकाशी धरलं होतं. छान वास होता, थोडा गुलाबासारखा, थोडा अननसासारखा. मला वाटलं, चाचांनी आज नवीन बाटली फोडलेली दिसतेय.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातला.

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. गहू तीन दिवस भिजतो, चौथ्या दिवशी वाटून त्याचा पांढरा चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी शिजवून, सोऱ्यातून पाडून, कडक उन्हात वाळत घालायचा. गहू एकदा भिजला की मागं फिरता येत नाही. म्हणजे नानांकडं चार दिवस होते.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात ढगांची बातमी शोधली. नव्हती. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"एक दिवस पुढं ढकलता येत नाय का?"

"मला कामून सांगता?" अक्का म्हणाल्या. "गव्हाला सांगा."

नाना खरंच पातेल्याजवळ गेले. झाकण उचललं, आंबूस वास आला, झाकण ठेवलं आणि वर निघून गेले. तिसऱ्या दिवशी ते चाळीस डब्यांपुढून सावकाश फिरले. प्रत्येक फळाच्या खाली वाकून, कुठं लाल छटा दिसतेय का, ते बघत होते. मी जिन्यात उभी होते. त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी उजाडताच गल्लीतल्या पाच-सहा बायका सोरे घेऊन हजर झाल्या. खाली चुलीवर चीक रटरटत होता. वाळूजच्या पोरांना अक्कांनी कामाला लावलं आणि डबे एकेक करून जिन्यानं खाली जाऊ लागले. पैठण गेलं. सिल्लोड गेलं. नाना आपल्या खाकी बुजगावण्याशेजारी उभे होते. दोघांपैकी कोण जास्त ताठ उभं आहे, सांगता आलं नसतं. बारा-तेरा डबे उतरले असतील, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आरोळी आली.

"नाना! ये क्या लगा रखा तुम?"

इस्माईलचाचा भिंत ओलांडून आले. बगलेत शहजादी होती.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"दो हफ्ते हुए, गल्ली में नया माल फिर रहा. मेरा नहीं है! गुलाब नहीं, केवडा नहीं, हिना नहीं. मैं एक-एक घर के सामने से नाक लेके गुजरा. किसने नया धंदा खोला, पता नक्को चले? और आज सुबू ये मेरे मुँह पे जम्हाई दी." त्यांनी शेळीचा जबडा दोन बोटांनी उघडला. "सूंघो!"

नानांनी गंभीरपणे शेळीच्या तोंडाचा वास घेतला. "शेळीचाच हाये."

"उसके पीछे! शेळी के पीछे क्या है?"

नानांनी पुन्हा वास घेतला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. चाचांनी शहजादीला खाली सोडलं. ती कुणाकडंही न बघता खुलताबादच्या डब्याजवळ गेली आणि एक पांढरं फळ ओठांनी अलगद सोडवून घेतलं. चाचांनी दुसरं घेतलं. नखानं फोडलं, नाकाखालून दोनदा फिरवलं, डोळे मिटले.

"पक गया," ते म्हणाले. "कब का पक गया."

"पांढरं हाये," नाना म्हणाले.

"तो? मोगरा लाल होता क्या? इसकी जात ही सफेद है, नाना!"

मग नानांनी माझ्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांनीच माझ्याकडं पाहिलं.

"बॉटनी?"

मी म्हटलं, "नाना, मला माहीत नव्हतं. मी... बिस्किटाच्या पुड्यावर लाल पाहिली होती."

हे सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं. पण नाना रागावले नाहीत. त्यांनी थोडा वेळ खाकी बुजगावण्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, एकदा मी घंटाभर सांगत होतो, नाशिक गाडी लेट हाये, नाशिक गाडी लेट हाये. लोक वैतागले. आन् गाडी माझ्याच पाठीमागं उभी. डायव्हर खिडकीतून हात हलवत होता, मला वाटलं नमस्कार करतोय."

बायका खळखळून हसल्या. नानांनी एक फळ तोडून घेतलं, पण ते काही तोंडात टाकलं नाही. दोन महिने त्यांनी अख्ख्या गल्लीला थांबवून ठेवलं होतं. आता आपणच आधी खायचं, हे त्यांना जमेना. बोटांत फळ धरून ते तसेच उभे राहिले. खालून एक पोरगा ओरडला, "काका, कन्नड नेऊ का?"

अक्का जिन्यातून वर आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"द्या हिकडं," त्या म्हणाल्या. "इखारी निघालं तर कुरडया तुम्ही घाला."

त्यांचे हात भरलेले, त्यामुळं त्यांनी तोंड पुढं केलं. नानांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि सगळ्या गल्लीच्या बायकांदेखत फळ त्यांच्या तोंडात ठेवलं.

"नाव घ्या अक्का!" एक बाई ओरडली. "घास घेतला, आता नाव घ्या!"

"नाव घ्या, नाव घ्या!"

अक्कांनी नाव घेतलं नाही. त्या चघळत राहिल्या. एवढ्याशा फळाला एवढा वेळ लागत नाही. चीक निवायला लागला होता, आणि अक्का चीक निवू देणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी गिळलं.

"आजून एक," त्या म्हणाल्या.

मग काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. बायका डब्यांवर तुटून पडल्या. "अगं बाई, काय वास!" "माझ्या नातीला एक द्या." चाचा दोन बोटांत फळ धरून प्रत्येकीला आधी वास घ्यायला लावत होते आणि मग खायला देत होते. पोरं खाली नेलेले डबे परत वर आणत होती. "काका, एकदा नक्की ठरवा की!" पाच मिनिटांत चाळीस डब्यांवर एक पिकलं फळ उरलं नाही.

"तुम्ही खाल्लं का?" अक्कांनी विचारलं.

नाना मोकळ्या देठांकडं बघत होते. "कंट्रोलर गाडीत बसत नसतो," ते म्हणाले. पण आवाजात तेवढा जोर नव्हता, आणि अक्कांनी ते ऐकलं असावं. त्यांनी गच्चीभर नजर फिरवली. वर चाळीस डबे, खाली चुलीवर शिजलेला चीक. होळी तर होऊन गेली होती, आणि शब्द म्हणजे शब्द. मग त्या म्हणाल्या, "बाजा आणा. सगळ्यांच्या घरच्या आणा. कुरडया बाजंवर घालू. डबे खाली राहतील."

सुंभानं विणलेल्या सहा बाजा आल्या. बाजांवर धोतरं पसरली, धोतरांवर पांढऱ्या कुरडयांची चक्रं पडली, आणि बाजांखाली, जाळीदार सावलीत, डबे उभे राहिले. कुरडयांना ऊन हवं होतं आणि झाडांना सावली. इतके महिने ज्या गच्चीवरून भांडण झालं होतं ती दोघांना पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या बशीत, चहाच्या शेजारी, दोन पांढरी फळं होती. कुठून आली हे कुणी विचारलं नाही. नानांनी एक तोंडात टाकलं आणि कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा केला.

"गोड हाये की!"

"मग?" अक्का म्हणाल्या. "कवाची गोड हाये."

एप्रिलच्या शेवटी माझी परीक्षा संपली. पुढच्या वर्षी मला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, म्हणजे मी त्या खोलीत परत येणार नव्हते. वडील पेटी घेऊन रस्त्यावर पोचले होते. मी निरोप घ्यायला वर गेले. भर अकराचं ऊन. अक्का बाजेवरच्या शेवया हलक्या हातानं मोकळ्या करत होत्या. नाना कुठं दिसेनात.

"खाली हायेत," अक्का म्हणाल्या.

बाजेखालून दोन पाय बाहेर आले होते. टाचा वर, तळवे उन्हात. नाना पालथे पडून, आत डोकं घालून, झाडांवर पाणी फवारत होते. फुस्स, फुस्स.

"नाना, मी निघते."

"येते म्हन!" बाजेखालून आवाज आला, आणि बाज थरथरली.

"हलू नका म्हणलं ना!" अक्का ओरडल्या. "शेवया मोडतील!"

मी वाकले. पालथ्या माणसाच्या पाया कसं पडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन्ही हात त्यांच्या टाचांना लावले आणि कपाळाशी नेले. टाचा उन्हानं तापलेल्या होत्या, आणि त्यांना ओली माती लागली होती.

मला वाटलं, आता ते काहीतरी मोठ्यानं बोलतील. पण अक्का वर उभ्या होत्या आणि शेवया वाळत होत्या. पाय जागचे हलले नाहीत. फक्त उजव्या पायाचा अंगठा दोनदा, जपून, खाली-वर झाला.